उत्कृष्ट चालनाची सवलत

१

चालकाने वर्षभर गाडी उत्कृष्ट चालवली, सबब पुढील वर्षीचा विम्याचा हप्ता कमी करण्यात येत आहे, अशी अभिनंदनाची सूचना कंपनीच्या संगणकाने पाठवली, तेव्हा तो चालक गाडीसह नाल्यात पडून मेल्याला आठवडा उलटला होता. सूचना त्याच्या बायकोने उघडली. तिने कंपनीत फोन केला आणि कंपनीला माझी आठवण झाली.

मी पूर्वी पदार्थविज्ञान शिकवत असे. आता विमा कंपन्यांसाठी अपघातांची चौकशी करतो. फरक एवढाच, की विद्यार्थी उत्तर ठाऊक नसताना पानंच्या पानं लिहीत आणि आताची माणसं उत्तर ठाऊक असून कोरा कागद देतात.

व्यवस्थापकांनी प्रकरण थोडक्यात सांगितलं. मृत माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा. कुठे कोण अडकलं की याला धाव घ्यावी लागे, त्यामुळे गाडीवाचून गत्यंतर नव्हतं. विम्याचा हप्ता दरवर्षी चढत होता. मागच्या नूतनीकरणाच्या वेळी त्याने एका सल्लागाराकरवी बाजार पालथा घातला आणि या कंपनीची सर्वांत स्वस्त पॉलिसी शोधून काढली. स्वस्ताईला एक अट होती. गाडीत स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्यांजवळच्या खाचेत, एक नोंदयंत्र बसवायचं. घरात सगळे त्याला डबी म्हणत. मीही तेच म्हणेन. डबी वेग, ब्रेक आणि हिसके नोंदवते. त्यावरून चालकाला दर महिन्याला गुण मिळतात. चालन सौम्य असेल तर हप्ता उतरतो, नसेल तर चढतो. एरवी गाडी कुठे आहे हे ती सांगत नाही, पण धडक बसली की मदत केंद्रात घंटा वाजते आणि ठिकाण कळतं.

घंटा वाजली नव्हती.

संध्याकाळी एका वळणावर गाडीने दिव्याच्या खांबाला धडक दिली आणि ती खालच्या खोल नाल्यात गेली. त्याच क्षणी त्या रस्त्यावरचे दिवे गेले, आणि ती वेळ वीजकेंद्रात आपोआप नोंदली गेली. नेहमीचा बिघाड समजून दुरुस्तीची माणसं सकाळी आली आणि गाडी दिसली. मृत्यू मात्र पहाटेच्या सुमाराचा होता. मांडीची जखम मोठी नव्हती. रक्त हळूहळू गेलं होतं.

डबी गाडीतच, आपल्या खाचेत मिळाली. तिच्या नोंदीनुसार धडकेनंतरही गाडी बराच वेळ फिरत होती, सावकाश, एकही हिसका न देता.

डबी बिघडली असेल तर कंपनीला दावा मंजूर करावा लागणार होता, वर कोर्टकचेरी. तिच्याशी कुणी छेडछाड केली असेल तर काहीच द्यावं लागणार नव्हतं. कोणतं उत्तर आवडेल हे व्यवस्थापकांनी सांगण्याची गरज नव्हती, तरी त्यांनी ते दोनदा सांगितलं.

मी डबी वीजपुरवठ्याला जोडून टेबलावर आपटली. शहराच्या दुसऱ्या टोकाला मदत केंद्रात घंटा वाजली. घड्याळही अचूक होतं. यंत्र ठणठणीत होतं.

२

मृताची बायको दातांच्या कवळ्या बनवते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं कामाचं टेबल आहे. प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, एक बारीक दिवा, कोरणी बुडवायला पाण्याचा पेला. मी आलो म्हणून तिने काम थांबवलं नाही. एक कवळी दिव्यासमोर धरून ती म्हणाली की ही पुन्हा करावी लागेल, केसभर उंच आहे. मला काही दिसलं नाही. ग्राहकालाही दिसणार नव्हतं, पण त्याला खोटं हसावं लागलं असतं, असं ती म्हणाली.

तिने त्या संध्याकाळची हकिगत न अडखळता सांगितली. आधी पुष्कळदा स्वतःलाच सांगून झाली असावी. नवऱ्याचा फोन लागेना. फोन न लागणं नवीन नव्हतं, लिफ्टच्या खोबणीत उतरला की तो लागत नसे. पण जेवायची वेळ टळली तेव्हा तिने वडिलांना बोलावलं. वडील ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. अख्खा परिसर त्यांना मास्तर म्हणतो. मास्तर आपली जुनी गाडी घेऊन आले आणि बापलेक शोधायला निघाले. दिराने आपल्या गॅरेजची ओढगाडी काढून दुसरी दिशा धरली.

मग तिला डबी आठवली. तिने मदत केंद्राला फोन केला. मास्तरांच्या गाडीच्या खडखडाटात नीट ऐकू येईना, म्हणून त्यांना गाडी कडेला घ्यायला सांगितली. केंद्रातल्या बाईने सांगितलं, काळजी करू नका, धडक वगैरे काही नाही, गाडी व्यवस्थित आहे.

"पोलिसांत जायचं मनात होतं," ती म्हणाली. "त्यानंतर म्हटलं, कशाला. घरी आले, जेवले, झोपले. मला झोप लागली, साहेब. तेव्हा हे तिथे खाली होते."

शोकाला उत्तर देण्याचं प्रशिक्षण मला नाही.

"दावा मिळाला नाही तरी मी कवळ्या करून जगेन. पण मला ही डबी कशी खोटं बोलली ते कळलं पाहिजे. माझा राग कुणावर काढायचा तेवढं तरी ठरेल."

निघताना मी विचारलं, की गाडीत बसल्यावर तिला कधी डबी दिसली होती का. तिने जरा विचार केला. तिला गाडी चालवता येत नव्हती, आणि चालकाच्या गुडघ्यांआड काय आहे ते शेजारी बसणाऱ्याला दिसत नाही.

३

गाडीचा सांगाडा दिराच्या गॅरेजमागच्या अंगणात पडला होता. दीर धिप्पाड आणि तिरसट. विमा कंपनीचा माणूस म्हटल्यावर त्याने हात पुसायचेही कष्ट घेतले नाहीत.

"दादा जिवंत असताना तुम्ही लोक दरवर्षी हप्ता वाढवायचात," तो म्हणाला, "आणि मेल्यावर कमी केलात. लय भारी हिशोब आहे तुमचा."

मी गाडीत शिरलो.

एअरबॅग फुटली होती. सीट, पायदानं, स्टिअरिंगखालचा भाग, सगळीकडे पांढरी पावडर बसलेली. डबीची खाच मी भिंगाखाली पाहिली. तिच्या बारीक छिद्रांत पावडर होती, आणि पिना घुसल्याने ती दाबून घट्ट झाली होती. डबी मी सोबत आणली होती. तिच्या पिनांच्या टोकांना पावडर होती. तिची पाठ, म्हणजे खाचेत बसल्यावर बाहेर राहणारी बाजू, साफ होती.

दिराने खांदे उडवले. ती वहिनीच्या प्लास्टरची भुकटी असणार. दादा तिच्यासाठी प्लास्टरची पोती याच गाडीतून आणायचा, वर्षभर गाडी पांढरीच असायची. हे स्पष्टीकरण चांगलं होतं. चांगलं स्पष्टीकरण आणि खरं स्पष्टीकरण यांत फरक करण्यासाठीच प्रयोग असतात.

मी छिद्रातली पावडर काचपट्टीवर घेतली आणि तिच्यावर आयोडीनचा थेंब सोडला. प्लास्टरवर आयोडीन तपकिरीच राहतं. काही एअरबॅगांच्या घडीत मक्याचं पीठ भुरभुरवलेलं असतं, आणि पिठावर आयोडीनचा रंग बदलतो.

थेंब गडद निळा झाला.

दीर पुढे वाकून बघत होता. मी त्याला अर्थ सांगितला. एअरबॅग फुटली तेव्हा खाच मोकळी होती. आधी पावडर बसली, नंतर डबी. अपघाताच्या वेळी डबी या गाडीत नव्हतीच. ती मागाहून, बहुधा याच अंगणात, कुणीतरी आणून बसवली.

त्याच्या चेहऱ्यावरचा तिरसटपणा गेला. या गाडीजवळ कोण कोण आलं होतं, असं मी विचारलं. वहिनी एकदा आली होती, पण दार न उघडताच परतली. सल्लागार फोटो काढायला आला होता. मास्तर आले होते, लिफ्टचं दार उघडायची किल्ली शोधायला. ती नोकरीच्या ठिकाणी परत द्यायची होती. ते बराच वेळ आत वाकलेले होते.

"आणि मी," तो म्हणाला. "मी रोजच असतो. मलाही धरा यादीत."

४

सल्लागाराचं दुकान म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतभर कंपन्यांची कॅलेंडरं. माणूस बोलका होता. लिफ्टवाल्यासाठी किती कंपन्यांचे उंबरे झिजवले ते त्याने रंगवून सांगितलं. एकीला त्याचा पेशा आवडला नाही, दुसरीला त्याचा पत्ता, तिसरीला गाडीचं वय. माणूस तोच, गाडी तीच. भाव मात्र प्रत्येक दारात वेगळा. शेवटी डबीवाली कंपनी सापडली. पण लिफ्टवाला गाडी हाणायचा. कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये गुदमरतंय म्हटल्यावर तो काय सौम्य चालवणार? पहिल्या महिन्याचे गुण इतके वाईट आले, की स्वस्त पॉलिसी जुनीपेक्षा महाग पडण्याची लक्षणं दिसू लागली.

दुसऱ्या महिन्यापासून गुण एकदम सुधारले होते. यावर त्याचं काय मत होतं, असं मी विचारलं.

त्याने कॅलेंडरकडे पाहिलं. "ते आले होते तक्रार करायला. सासरे आणि भाऊ, दोघंही बरोबर होते. मी गमतीत म्हणालो, डबीला काय कळतंय कुठल्या गाडीत बसलीय ते. सगळे हसले. गंमतच होती हो, साहेब."

"डबी तुमच्या गाडीत होती का?"

"माझ्याकडे गाडी नाही. विमा किती महागलाय, बघितलंत ना?"

हा विनोद त्याने पूर्वीही केला असावा, पण तो खराही होता. मी आसपास खात्री करून घेतली. सल्लागार यादीतून गळला. उरले दोघे, भाऊ आणि सासरा. दोघांनी ती गंमत ऐकली होती, दोघांकडे वाहन होतं, आणि त्या संध्याकाळी दोघेही रस्त्यावर होते. डबी त्यांपैकी एकाच्या वाहनात बसून मेलेल्या नव्हे, मरत असलेल्या माणसाला शोधत फिरत होती.

५

मदत केंद्रात एका लांबट खोलीत कानाला यंत्रं लावून माणसं बसतात. लिफ्टवाल्याच्या बायकोशी बोललेली बाई मध्यमवयीन होती. तिला तो फोन चांगला आठवत होता. मृत्यूची बातमी कळल्यावर तिने तो स्वतःच्या मनात अनेकदा ऐकला होता.

तिच्या पडद्यावर नकाशा दिसत नाही, फक्त गाडी चालू आहे की थांबली आणि वेग किती, एवढंच. फोन आला तेव्हा गाडी अगदी हळू चालली होती. नवरा जागा आहे, गाडी हाकतोय, मग घाबरायचं कशाला, असं तिला वाटलं.

"पलीकडून फार आवाज येत होता," ती म्हणाली. "बाईंनी म्हटलं, एक मिनिट थांबा. मी थांबले. आवाज बंद झाला, आणि नेमकी तेवढ्यात इथे गाडी थांबली. मी म्हटलं, ताई, आताच थांबली बघा त्यांची गाडी, पोचले असतील कामावर. किती बरं वाटलं त्यांना."

मी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. तिने म्हटलं. दुसऱ्या वेळी म्हणताना तिचा स्वतःचाच आवाज खाली आला.

फोन करणारीने ऐकू यावं म्हणून गाडी कडेला घ्यायला सांगितली, आणि पडद्यावर गाडी थांबली. एक मेळ योगायोग असू शकतो, म्हणून मी नोंदीचा पुढचा भाग तपासला. फोन संपल्यावर गाडी निघाली, थोडं अंतर जाऊन थांबली. मुलीला घरी सोडायला लागेल तेवढंच अंतर. त्यानंतर ती पुन्हा निघाली. थोडं चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. घरी परतणारा माणूस असा चालवत नाही.

ती मदत केंद्राला नवऱ्याची गाडी विचारत होती, आणि केंद्र तिला ती बसलेल्या गाडीचंच क्षेम सांगत होतं.

६

मास्तर मोकळ्या मैदानात एका प्रौढ विद्यार्थिनीला शिकवत होते. त्यांची रीत प्रसिद्ध आहे. डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा. पाणी सांडलं तर धडा पुन्हा. गाडी खडखडत होती, पण थांबताना त्यांनी शेवटच्या क्षणी ब्रेक किंचित सैल करायला लावला आणि पेल्यातलं पाणी नुसतं चमकलं. डबीच्या नोंदीत प्रत्येक थांबा असाच होता.

विद्यार्थिनी गेल्यावर मी म्हणालो, "मास्तर, मुलीने गाडी कडेला घ्यायला सांगितली, त्याच वेळी मदत केंद्रात तुमच्या जावयाची गाडी थांबली."

त्यांनी पेला उचलला, पाणी सावकाश जमिनीवर ओतलं आणि मग बोलायला सुरुवात केली. नाकारण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

सल्लागाराच्या गमतीनंतर जावई त्यांच्याकडे आला होता. माझ्या ब्रेकचा मला दंड बसतो, बाबा, आणि तुमच्या ब्रेकचं बक्षीस मिळेल, असं म्हणाला. डबी मास्तरांच्या गाडीत आली. विद्यार्थी शिकायला बसला की ते ती काढून ठेवत, स्वतः चालवताना परत लावत. दर महिन्याला गुण आले की जावई ते फोनवर वाचून दाखवी. जन्मभर दुसऱ्यांना गुण दिले होते. त्यांच्या स्वतःच्या चालवण्याला कुणी कधी दिले नव्हते. ते गुणांची वाट बघू लागले. मुलीला सांगायचं नाही, एवढं दोघांत ठरलं होतं. केसभर उंच कवळी पुन्हा करणारी बाई, तिला हे चाललं नसतं.

डबी नाही म्हणजे घंटा नाही, हे ध्यानात आलं नव्हतं का, असं मी विचारलं. आलं होतं, ते म्हणाले. पण घंटा वाजण्यासारखं काही आपल्याकडे होईल असं कोण धरून चालतं?

मग मी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी खरं तर आलो होतो. फोनवर मुलीला चुकीचं उत्तर मिळतंय हे शेजारी बसून त्यांना कळत होतं. ते गप्प का राहिले?

"हसली हो ती," मास्तर म्हणाले. "त्या संध्याकाळी पहिल्यांदा. म्हणाली, बाबा, चालू आहे त्यांची गाडी. मी काय सांगणार होतो, की ती माझी आहे?"

त्यांना वाटलं होतं, जावई कुठल्यातरी लिफ्टच्या खोबणीत असेल, तासाभरात येईल, कशाला पोरीला घाबरवा. तिला घरी सोडून ते एकटेच पुन्हा निघाले. जावई ज्या ज्या इमारतींच्या लिफ्ट बघत असे, त्या प्रत्येकीसमोर थांबून पाहिलं. वळणाच्या रस्त्यालाही ते गेले होते. तिथे दिवे नव्हते. अंधारात गाडी घालू नये, असं ते प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. ते वळून परत आले.

अंगणात डबी परत बसवताना निदान मुलीचा दावा तरी वाचेल, एवढाच विचार होता. त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. मुलीला हे त्यांच्या तोंडून कळावं. मी दुसऱ्या सकाळपर्यंत थांबायचं कबूल केलं.

७

दुसऱ्या सकाळी मी गेलो तेव्हा मास्तर तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले होते. ती मेण वितळवत होती. माझ्याकडे पाहून तिने सरळ विचारलं, "बिघडलेलीच होती ना डबी?"

त्यांनी सांगितलं नव्हतं. मी मास्तरांकडे पाहिलं आणि वाट पाहिली. ते प्लास्टरच्या जबड्यांकडे बघत राहिले. गाडीत ते असेच बसले असतील, हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

म्हणून मी सांगितलं. पावडर, आयोडीन, कडेला घेतलेली गाडी, पडद्यावर थांबलेली गाडी. क्रमाने, विशेषणं न वापरता. मेण दिव्यावर जळू लागलं तेव्हा तिने दिवा विझवला.

"बाबा," ती म्हणाली, "मी फोनवर होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी पोलिसांत नको जायला म्हटलं तेव्हाही?"

मास्तरांनी मान हलवली.

ती माझ्याकडे वळली. "तुम्ही शास्त्राचे ना? मग नेमकं सांगा. मी पोलिसांत गेले असते तर हे वाचले असते का?"

डॉक्टरांशी मी बोललो होतो. जखम कशी होती, रक्त किती वेळ जात राहिलं, हे मला ठाऊक होतं. जखमेबाबत अनिश्चितता खरोखर असती तर मी तिच्याआड उभा राहिलो असतो. पोलिसांनी त्याला वेळेत शोधलं असतं की नाही हे सांगता येत नाही, असं मी म्हणालो. ते खरं होतं. वेळेत शोधलं असतं तर, तिने विचारलं.

"तर वाचले असते."

तिने पुढची कवळी हातात घेतली, पाहिली आणि खाली ठेवली. दाव्याचं काय होणार ते मी सांगितलं. नामंजूर होणार होता. ते तिने ऐकलं असेल असं मला वाटत नाही. राग कुणावर काढायचा हे ठरलं होतं, पण काढता येण्यासारखा तो नव्हता. थोड्या वेळाने ती वडिलांकडे न बघता म्हणाली, "बाबा, तुम्ही आता जा."

त्यांनी दारात एकदा मागे वळून पाहिलं. ती नळाखाली हात धूत होती, आणि धूतच राहिली.

मी खिडकीत उभा होतो. मास्तर गाडीत बसले, पट्टा लावला, आरसा नीट केला. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता, तरी त्यांनी वळायचा दिवा दाखवला आणि मागून कुणी येतंय का ते पाहिलं. मग गाडी खडखडत, पण जराही हिसका न देता निघाली. कोपऱ्यावर ती थांबली, शेवटच्या क्षणी ब्रेक किंचित सैल करत, आणि वळून दिसेनाशी झाली. डबी असती तर पूर्ण गुण मिळाले असते.